संकटात डॉलर कुणाला मिळतात?

२९ ऑक्टोबर २००८ला वॉशिंग्टनमध्ये दोन घोषणा झाल्या. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, म्हणजे फेडरल रिझर्व्हनं, ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांच्या मध्यवर्ती बँकांना प्रत्येकी ३० अब्ज डॉलरपर्यंत उचल करण्याची मुभा दिली. त्याच दिवशी, तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, मुळात धडधाकट पण तात्पुरत्या चणचणीत सापडलेल्या देशांसाठी अल्पमुदतीची एक नवी कर्जयोजना उघडली. पहिली घोषणा होताच दुसऱ्या दिवशी घसरगुंडीला लागलेला कोरियाचा वॉन जोरात सावरला. दुसऱ्या योजनेकडे एकही देश फिरकला नाही. पाच महिन्यांत ती गुंडाळून तिच्या जागी दुसरी आणावी लागली.

२००८च्या संकटातून जग कसं सावरलं हे सांगताना ही तारीख सहसा कुणी काढत नाही. सांगितली जाते ती एप्रिल २००९ची लंडन परिषद: यजमान गॉर्डन ब्राउन, नुकतेच निवडून आलेले ओबामा, जी-२०च्या टेबलाशी बरोबरीनं बसलेला भारत आणि १.१ लाख कोटी डॉलरचा दिपवणारा आकडा. जगानं एकत्र येऊन १९३०च्या महामंदीची पुनरावृत्ती टाळली, असा त्या कथेचा सूर असतो. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जगाची वित्तव्यवस्था त्याआधीच, २००८च्या शेवटच्या तिमाहीत, एका देशाच्या मध्यवर्ती बँकेनं तगवून धरली होती. ती कुणासाठी तगवायची हेही त्याच बँकेनं, स्वतःचं हित पाहून ठरवलं होतं. माझी तक्रार तिनं तसं केलं याबद्दल नाही. त्यानंतर इतकी वर्षं लोटली तरी त्या निवडीचा नियम कुठेही लिहिला गेलेला नाही आणि भारतासारखा देश तो मागण्याऐवजी मुकाट्यानं स्वतःची गंगाजळी फुगवत बसला आहे, याबद्दल आहे.

आधी फेडनं त्या चार देशांना दिलेली ही स्वॅप नावाची सोय काय असते ते पाहू. २००७पर्यंत युरोपातल्या बड्या बँकांनी अमेरिकी घरकर्जांवर आधारलेले रोखे प्रचंड प्रमाणात घेऊन ठेवले होते. त्यासाठीचा पैसा म्हणजे न्यूयॉर्कच्या बाजारातून काही आठवड्यांसाठी, कधी कधी एका रात्रीपुरते उसने घेतलेले डॉलर. १५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्सनं दिवाळखोरी जाहीर केली आणि ही उसनवारी आटली. फ्रँकफर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक आपल्या बँकांना हवे तेवढे युरो देऊ शकत होती, पण देणी डॉलरमध्ये होती आणि डॉलर छापण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. तेव्हा फेडनं तिला डॉलर द्यायचे, बदल्यात तेवढ्याच किमतीचे युरो ठेवून घ्यायचे आणि मुदत संपली की त्याच दरानं उलटी अदलाबदल करायची, वर व्याज घ्यायचं, अशी ही व्यवस्था. पुढे कुठल्या बँकेला किती डॉलर द्यायचे हे युरोपीय बँकेनं ठरवायचं आणि बुडाले तर तोटाही तिनंच सोसायचा.

डिसेंबर २००७मध्ये हे सगळं लहान रकमेनं सुरू झालं होतं. १३ ऑक्टोबर २००८ला युरोपीय बँक, बँक ऑफ इंग्लंड आणि स्वित्झर्लंडची मध्यवर्ती बँक यांच्यासाठी रकमेवरची मर्यादाच उठवली गेली आणि लगोलग जपानसाठीही. डिसेंबर २००८मध्ये या वाटेनं अमेरिकेबाहेर गेलेली रक्कम ५८० अब्ज डॉलरच्या घरात होती. त्या वेळी जगातल्या यच्चयावत अडलेल्या देशांसाठी म्हणून नाणेनिधीकडे असलेली कर्ज देण्याची ताकद होती सुमारे २५० अब्ज. आकड्यांची ही तुलना एवढी बोलकी आहे, तरी लंडनच्या कथेत तिला जागा नसते.

या ५८० अब्जांसाठी परिषद भरली नाही, जाहीरनामा निघाला नाही, कुणी मतदान केलं नाही. अमेरिकी संसदही नंतर जागी झाली. जुलै २००९मध्ये अॅलन ग्रेसन या लोकप्रतिनिधीनं फेडचे अध्यक्ष बेन बर्नांके यांना, हा पैसा शेवटी कुणाला मिळाला, असं खोदून विचारलं. युरोप आणि इतर देशांतल्या वित्तसंस्थांना, असं उत्तर आलं. नेमक्या कुठल्या, यावर बर्नांके म्हणाले, माहीत नाही. व्यवस्थेच्या हिशेबानं ते उत्तर बरोबरच होतं, कारण ते माहीत असणं फेडचं काम नव्हतं. तरीही अर्धा लाख कोटी डॉलरच्या कर्जाबद्दलचं हे उत्तर ऐकून एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेचा लेखापरीक्षकही चपापला असता.

आता ते चार देश. फेडच्या धोरण समितीच्या बैठकांचं शब्दशः इतिवृत्त पाच वर्षांनी खुलं होतं. त्यानुसार २००८चं इतिवृत्त २०१४मध्ये बाहेर आलं आणि निवड कशी झाली ते वाचायला मिळालं. अर्थव्यवस्थेचा आकार, धोरणं शहाणपणाची आहेत की नाहीत, जागतिक वित्तबाजारात त्या देशाचं वजन किती, असे निकष चर्चेत होते. आणखीही देशांनी विचारणा केली होती. त्यांची नावं इतिवृत्तातही झाकलेली आहेत. अशांसाठी नाणेनिधी आहेच, असा एकंदर सूर दिसतो. म्हणजे २९ ऑक्टोबरच्या त्या दोन घोषणा योगायोगानं एका दिवशी आलेल्या नव्हत्या. पहिल्या यादीत नसलेल्यांनी कुठे जायचं, याचं उत्तर दुसरीत होतं.

सहकारी बँकेत चेअरमनच्या ओळखीतल्याला एका फोनवर ओव्हरड्राफ्ट मिळतो आणि बाकीच्यांना दोन जामीनदार आणून अर्ज भरावा लागतो, तसंच हे. नाणेनिधीचा अर्ज काय असतो, हे आशियातल्या लोकांना १९९७मध्ये चांगलं कळलं होतं. इंडोनेशियानं नाणेनिधीच्या कार्यक्रमाखाली नोव्हेंबर १९९७मध्ये एका फटक्यात १६ बँका बंद केल्या. ठेवींच्या हमीची धड व्यवस्था नसल्यानं लोक उरलेल्या बँकांवरही तुटून पडले. जानेवारी १९९८मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो वाकून करारावर सही करताहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामडेसू हाताची घडी घालून मागे उभे आहेत, हे छायाचित्र आग्नेय आशियात अजून कुणी विसरलेलं नाही. कोरियात सर्वसामान्य माणसांनी लग्नातल्या अंगठ्या आणि मुलांच्या वाढदिवसाचं सोनं देशाच्या कर्जासाठी दिलं. काही महिन्यांत सुमारे २२७ टन जमा झालं. व्याजदर चढवा, खर्च कापा, दुबळ्या बँका बंद करा, ही तेव्हाची पथ्यं होती. जपाननं आशियासाठी वेगळा निधी उभारण्याची कल्पना मांडली, तर ती वॉशिंग्टननं हाणून पाडली.

दहा वर्षांनी संकट न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये आलं, तेव्हा मात्र पथ्यं बरोबर उलटी झाली. व्याजदर शून्याजवळ आणले गेले, सरकारांनी कर्ज काढून खर्च वाढवला आणि बुडणाऱ्या बँकांना सरकारनं हात दिला. नाणेनिधीनंही या वेळी खर्च वाढवा असाच सल्ला दिला. आर्थिकदृष्ट्या २००८चा सल्ला बरोबर होता, असं माझं मत आहे. पण मग १९९७चा चुकीचा होता आणि त्याची किंमत जकार्ता आणि सोलमधल्या कामगारांनी मोजली, एवढंही कुणी सरळ कबूल करायला हवं होतं.

भारतात त्या ऑक्टोबरमध्ये काय झालं? आपल्या बँकांकडे ते विषारी अमेरिकी रोखे फारसे नव्हते, म्हणून सुरुवातीला आपण जरा ऐटीत होतो. ती ऐट तीन आठवडेही टिकली नाही. परदेशातून कर्ज उभारणाऱ्या भारतीय कंपन्यांची तिकडची दारं बंद झाली आणि त्या मुंबईच्या बाजारात पैसा शोधू लागल्या. म्युच्युअल फंडांतून गुंतवणूकदार पैसे काढू लागले. बँका एकमेकींना एका रात्रीसाठी ज्या दरानं उसने देतात, तो कॉल मनीचा दर २० टक्क्यांच्या आसपास भडकला. २००८च्या सुरुवातीला ३९ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर नोव्हेंबरमध्ये ५०वर गेला होता. परकीय चलनाचा साठा मे २००८मधल्या सुमारे ३१५ अब्ज डॉलरवरून मार्च २००९अखेर २५२ अब्जांवर आला. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर सहा महिन्यांत ९ टक्क्यांवरून ४.७५वर आणला आणि रोख राखीव प्रमाण ९वरून ५ टक्के केलं. रुपया आपण मुबलक ओतू शकत होतो. डॉलर मात्र आपल्याच साठ्यातून काढावे लागले, कारण २९ ऑक्टोबरच्या यादीत भारत नव्हता. २००८मध्येच जपानशी ३ अब्ज डॉलरचा स्वॅप करार झाला होता, पण एवढ्या मोठ्या देशाच्या गरजेपुढे ती रक्कम नगण्य होती.

याच काळातली एक गोष्ट मुख्य मुद्द्यापासून जरा दूरची आहे, पण गोव्याच्या वाचकाला ती जवळची वाटेल. नोव्हेंबर २००८मध्ये चीननं ४ लाख कोटी युआनचा खर्च जाहीर केला: रेल्वे, महामार्ग, पूल, इमारती. त्यासाठी पोलाद हवं आणि पोलादासाठी लोहखनिज. गोव्याचं कमी प्रतीचं खनिजही चिनी गिरण्यांना चालत होतं. पुढची दोन-तीन वर्षं डिचोली, सांगे, केपेच्या खाणींवरून ट्रकांची रांग तुटली नाही. २०१०-११मध्ये गोव्याच्या बंदरांतून सुमारे ५ कोटी टन खनिज बाहेर गेलं. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी थांबल्या आणि ट्रकसाठी कर्ज काढलेली कुटुंबं हप्त्यांसकट घरी बसली. बेकायदा उत्खननाची जबाबदारी अर्थातच इथल्या लोकांची. पण बीजिंगमधल्या एका निर्णयानं मांडवी आणि जुवारीतल्या बार्जेसची संख्या ठरत होती, आणि या साखळीबद्दल ना जी-२०मध्ये कुणी बोललं, ना पणजीत.

लंडनच्या १.१ लाख कोटींकडे वळू. त्यातले ५०० अब्ज नाणेनिधीची ताकद तिप्पट करण्यासाठी, २५० अब्ज नव्या एसडीआरसाठी, २५० अब्ज व्यापाराच्या अर्थपुरवठ्यासाठी आणि १०० अब्ज विकास बँकांसाठी. यातले एसडीआर म्हणजे नाणेनिधीनं सदस्यांना वाटलेली, डॉलरमध्ये बदलून घेता येणारी पत. ते वाटले जातात कोट्याच्या, म्हणजे नाणेनिधीतल्या हिश्शाच्या, प्रमाणात: ज्याचा कोटा मोठा त्याला जास्त. २५० अब्जांतले जेमतेम १०० अब्ज विकसनशील जगाच्या वाट्याला आले. त्यातही अतिगरीब देशांना मिळाले १८ अब्जांच्या आसपास. ज्यांना गरज नव्हती त्यांना सिंहाचा वाटा, तोही नियमानुसार. व्यापारात नवे अडथळे आणणार नाही, अशी शपथ याच देशांनी नोव्हेंबर २००८मध्ये वॉशिंग्टनला घेतली होती. मार्च २००९मध्ये जागतिक बँकेनं मोजदाद केली, तेव्हा २०पैकी १७ जणांनी ती मोडलेली होती.

हा एकोपाही फार काळ टिकला नाही. जून २०१०च्या टोरंटो परिषदेत श्रीमंत देशांनी २०१३पर्यंत तूट निम्मी करण्याचं वचन दिलं आणि हवा फिरली. ग्रीसला मे २०१०मध्ये ११० अब्ज युरोंचं कर्ज मिळालं आणि त्यासोबत खर्चकपातीची यादी. पुढच्या काही वर्षांत ग्रीसची अर्थव्यवस्था जवळपास पाव हिश्शानं आक्रसली आणि तरुणांतली बेकारी ५० टक्क्यांच्या वर गेली. त्या कर्जातला बराच पैसा फ्रेंच आणि जर्मन बँकांची येणी फेडण्यात गेला. कपातीचा फटका आपण कमी लेखला होता, हे नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी २०१३मध्ये लिहिलं. तोवर अथेन्समध्ये दुकानांचे शटर उतरून झाले होते.

अमेरिकेनं मात्र आपलं औषध चालू ठेवलं. बाजारात पैसा ओतण्यासाठी फेडनं सुरू केलेली रोखेखरेदी टप्प्याटप्प्यानं चालू राहिली. त्यातला भरपूर पैसा चांगल्या परताव्याच्या शोधात भारत, ब्राझील, इंडोनेशियात आला. ब्राझीलचे अर्थमंत्री गिडो मांतेगा यांनी सप्टेंबर २०१०मध्ये याला चलनयुद्ध म्हटलं. मे २०१३मध्ये बर्नांके यांनी खरेदी हळूहळू कमी करण्याचा नुसता उल्लेख केला आणि तोच पैसा उलटा पळाला. मेमध्ये ५५च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या वर गेला. सप्टेंबरात रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेनं सवलतीची स्वॅप खिडकी उघडली. त्यातून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. दुबई, न्यू जर्सी, सिंगापूरमधल्या आपल्या नातेवाइकांच्या ठेवींनी, आणि त्यांवर दिलेल्या सवलतीच्या खर्चानं, आपण ते संकट निभावलं. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१३मध्ये, फेडनं कॅनडा, ब्रिटन, जपान, युरोपीय बँक आणि स्वित्झर्लंड यांच्याशी असलेले स्वॅप कायमचे केले. जानेवारी २०१४मध्ये राजन यांनी आंतरराष्ट्रीय चलनसहकार्य मोडून पडल्याचं उघडपणे बोलून दाखवलं. ते त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं.

या कायमस्वरूपी सोयीविरुद्ध इतरांच्या बाबतीत एक युक्तिवाद हमखास केला जातो: डॉलरची हमी मिळाली की देश बेफिकीर होतात. युक्तिवाद चांगला आहे, पण चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला आहे. संकट घडवणाऱ्या बँका झुरिक, लंडन, फ्रँकफर्टच्या होत्या. एकट्या यूबीएस या स्विस बँकेचे सडलेले रोखे बाजूला काढण्यासाठी स्वित्झर्लंडला २००८मध्ये ६० अब्ज डॉलरपर्यंतची योजना आखावी लागली होती. ज्यांची बेफिकिरी सिद्ध झाली त्यांनाच हमी कायमची मिळाली. २०२०मध्ये कोविडची चाहूल लागताच मार्चच्या १९ तारखेला आणखी नऊ देशांना तात्पुरते स्वॅप मिळाले. कोरिया, ब्राझील, मेक्सिको, सिंगापूर पुन्हा यादीत होते आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कही. पन्नास-साठ लाख वस्तीचे देश आत, १४० कोटींचा भारत बाहेर. भारताच्या बँका न्यूयॉर्कला फारसा धक्का देऊ शकत नाहीत, एवढंच यामागचं कारण असावं. म्हणजे आपल्या सावधपणाचं हे बक्षीस!

बाहेर राहिलेला देश मग स्वतःची सोय करतो. १९९१मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून लंडनला तारण म्हणून पाठवावं लागलं. ती आठवण आपल्या धोरणकर्त्यांच्या मनातून गेलेली नाही आणि जाऊही नये. २००९मध्ये आपण नाणेनिधीकडूनच २०० टन सोनं विकत घेतलं, २०२४मध्ये आपला साठा ७०० अब्ज डॉलरच्या वर गेला. आपण याचा अभिमान बाळगतो. पण या साठ्याचा मोठा भाग अमेरिकी सरकारच्या आणि तत्सम सुरक्षित रोख्यांत कमी व्याजानं पडून असतो, आणि त्याच वेळी आपल्या कंपन्या आणि राज्य सरकारं त्याहून चढ्या व्याजानं कर्ज काढत असतात. दोहोंतला फरक म्हणजे आपण दरवर्षी भरत असलेला विम्याचा हप्ता. तो हप्ता स्वित्झर्लंडला भरावा लागत नाही.

पर्याय काढून पाहिले गेले. आग्नेय आशिया, चीन, जपान आणि कोरियानं मिळून २०१०मध्ये १२० अब्ज डॉलरचा सामाईक निधी बांधला. ब्रिक्स देशांनी २०१४मध्ये १०० अब्जांचा, त्यात भारताचे १८. पण दोन्हींत ठराविक हिश्शापलीकडची रक्कम हवी असेल तर आधी नाणेनिधीचा कार्यक्रम घ्या, अशी अट आहे. ब्रिक्सच्या निधीत अटीविना मिळू शकते फक्त ३० टक्के. संकटात या दोन्हींतला एक डॉलरही कुणी उचललेला नाही. ज्या संस्थेपासून सुटका हवी तिच्याच दाखल्यावर चालणारी सुटका कोण वापरणार?

फेडच्या बाजूनंही एक प्रामाणिक मुद्दा आहे. ती अमेरिकी संसदेच्या कायद्यानं चालते, जगाची मध्यवर्ती बँक म्हणून तिला कुणी नेमलेलं नाही. शिवाय २००८मध्ये हे निर्णय १८५ देशांच्या मतदानावर सोडले असते तर डॉलर पोचेपर्यंत बँका शिल्लक राहिल्या नसत्या. नाणेनिधीतला कोटा सुधारण्याचा २०१०चा ठराव अमेरिकी संसदेनं डिसेंबर २०१५मध्ये मंजूर केला, यावरून त्या वाटेचा वेग कळतो. तेव्हा वेगासाठी मनमानी हवी हे मला मान्य आहे, पण निकष संकटाआधी ठरवून ठेवायला वेगाची अडचण येत नाही. कोरिया हे २०१०मध्ये सोल परिषदेचा यजमान असताना सांगत होता: स्वॅपची पात्रता आधीच ठरवा, ती नाणेनिधीमार्फत तपासा, निकष पाळणाऱ्याला रक्कम आपोआप मिळू द्या. स्वतः यादीत असूनही त्यानं ही मागणी लावून धरली, कारण यादी बदलू शकते हे त्याला ठाऊक होतं. त्या वेळी भारतानं हा मुद्दा आपला म्हणून उचलायला हवा होता. दिल्लीत नाणेनिधी या शब्दाला १९९१चा डाग आहे, त्यामुळे नाणेनिधीची पूर्वपात्रता मागणं म्हणजे पुन्हा हात पसरणं असं आपल्याकडे मानलं जातं. हा संकोच महागात पडतो आहे.

आणि दुसऱ्याकडे नियम मागायचा तर आपल्या घरचाही पाहिला पाहिजे. रिझर्व्ह बँक २०१२पासून सार्क देशांना स्वॅप देते. २०२२मध्ये श्रीलंका कर्ज फेडू शकली नाही, तेव्हा भारतानं स्वॅप, इंधनासाठीची पतसोय, येणी पुढे ढकलणं असं मिळून सुमारे ४ अब्ज डॉलरचं साहाय्य केलं. नाणेनिधीला कर्जपुनर्रचनेची हमी देणारा पहिला धनकोही भारतच होता. त्यात हित होतं तसं औदार्यही होतं. मालदीवला ऑक्टोबर २०२४मध्ये ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांचा स्वॅप मिळाला तो मात्र भारताला बाहेर घालवण्याच्या घोषणेवर निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला येऊन गोड बोलल्यानंतर. माले आणि कोलंबोच्या मध्यवर्ती बँकांतून पाहिलं तर मिंट स्ट्रीटचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा, फोन आणि वॉशिंग्टनचा फोन सारख्याच लहरीनं वाजतो.

हे बदलायला जी-२०ची संमती लागत नाही. शेजाऱ्याला किती रक्कम मिळेल हे त्याच्या आयातीशी जोडावं, व्याज आणि मुदत आधी प्रसिद्ध करावी, तिथे निवडणूक कोण जिंकलं याचा संबंध तोडावा, आणि नकार दिला तर तो लेखी, कारणासह द्यावा. रिझर्व्ह बँकेला हे केंद्र सरकारच्या संमतीनं करता येईल. पुढे वॉशिंग्टनमध्ये हीच मागणी करताना भारताच्या हातात कोरियाच्या २०१०च्या प्रस्तावाबरोबर स्वतःचं चालू उदाहरणही असेल. सार्क स्वॅपची सध्याची चौकट २०२४ ते २०२७ या काळासाठी आहे, म्हणजे पुढची आखायला हाती फार वेळ नाही.